निपाणीची तंबाखू आणि तोंडाचे अस्तर

निपाणीचा इतिहास सांगताना साधारणपणे तीन गोष्टी सांगितल्या जातात. आप्पा देसाई निपाणकरांची जहागीर, 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्यात टाकला गेलेला मराठी मुलूख, आणि 1981 सालचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याबद्दल अजून पुष्कळ लिहायला हवे. पण या सगळ्या कथनात तंबाखू येते ती भाव म्हणून, अडत म्हणून, कर म्हणून. ती शेवटी जिथे जाऊन पोहोचते त्या जागेचा, म्हणजे माणसाच्या नाकातोंडाच्या आतल्या भागाचा, उल्लेख कुठे येत नाही. माझे म्हणणे असे की ती जागा वगळली तर निपाणीच्या पेठेची रचनाच कळत नाही. शेंडा कधी खुडायचा, पान कधी कापायचे, वखारीत कोणती चाळणी कोणत्या मालाला लावायची, सरकारने कोणत्या चुऱ्यावर किती शुल्क बसवायचे, या प्रत्येक निर्णयाच्या तळाशी नाकपुडीपासून घशापर्यंतच्या काही इंच अस्तराचे ज्ञान होते. कुणी ते ग्रंथात लिहिले नाही, पण व्यवहारात ते पक्के होते. आणि ते फक्त माल खपवण्यापुरते वापरले गेले.

आधी ते अस्तर नीट पाहायला हवे. तोंडाच्या पोकळीचे दोन भाग आहेत. दातांच्या आतला, टाळू आणि जीभ यांच्यामधला भाग आपण तोंड म्हणून ओळखतो. दुसरा भाग बाहेरचा: एकीकडे ओठ आणि गाल, दुसरीकडे दात आणि हिरड्या, यांच्यामधली अरुंद घळ. तंबाखू खाणारा माणूस ही बाहेरची घळ वापरतो. खालच्या दाढांशेजारी गाल जिथे हिरडीला मिळतो तिथे चिमूटभर ऐवज तासन्‌तास बसून राहतो. जेवणाखेरीज त्याला हलवण्याचे कारण पडत नाही, बोलताना तो आड येत नाही. हिरड्या आणि टाळूचा पुढचा भाग यांच्यावर अन्न सारखे घासले जाते म्हणून तिथली त्वचा चिवट, थोडी कठीण झालेली असते. गालाच्या आतल्या बाजूला हे कवच नसते, आणि जिभेखाली तर अस्तर सगळ्यांत पातळ. खाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. गिळलेले निकोटीन आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा बराच भाग निकामी होतो; गालातून शिरलेले निकोटीन हा टप्पा चुकवून थेट रक्तात मिसळते. त्यातच वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला, कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी उघडते. म्हणजे ऐवज ठेवायला जागा आहे, भिजवायला लाळ आहे आणि शोषायला पातळ पडदा आहे. उरते एकच अडचण, आणि ती चुन्याने सोडवली. लाळ साधारण उदासीन असते आणि अशा लाळेत निकोटीनचे बहुतेक रेणू विद्युतभारित अवस्थेत राहतात. पडदा त्यांना सहज आत घेत नाही. लाळ अल्कधर्मी झाली की हे रेणू मोकळे होतात आणि अस्तर ओलांडतात. तळहातावर चुना लावून अंगठ्याने तंबाखू मळणारा माणूस हे रसायनशास्त्र कुठल्याही शाळेत शिकलेला नसतो. पण चुना कमी पडला तर तंबाखू लागत नाही आणि जास्त झाला तर गाल सोलतो, हे त्याला नेमके ठाऊक असते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. चुना, सुपारी आणि नागवेलीचे पान तंबाखूच्या कितीतरी आधीपासून आपल्या तोंडात आहेत. मग तोंडाच्या या सवयीचे खापर एका अमेरिकी रोपावर आणि एका बाजारपेठेवर कशाला फोडायचे? आक्षेपातली वस्तुस्थिती मान्यच आहे, आणि ती माझ्याच बाजूने बोलते. तंबाखू दख्खनमध्ये आली तेव्हा तिला नवी सवय लावावी लागली नाही. गालात ऐवज धरून ठेवण्याची रीत होती, चुन्याची डबी होती, पानदान होते, पिंकदाणी होती. पोर्तुगीजांनी आणलेले हे रोप सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापूरच्या दरबारात सहज मिळत होते. अकबराचा वकील असद बेग 1604-05 च्या सुमारास विजापुराहून परतला तेव्हा त्याने तंबाखू आणि एक सजवलेली नळी बादशहापुढे ठेवली. बादशहाने ओढून पाहिली. हकिमाने हरकत घेतली: या वस्तूचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, तिचे गुणदोष तपासलेले नाहीत, बादशहाने ती घेऊ नये. असद बेगने उत्तर दिले की प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते. त्या वादात असद बेग जिंकला असे लोकव्यवहार सांगतो. पण हकिमाची शंका अजिबात मागास नव्हती. न तपासलेली वस्तू शरीरात घालू नये हा आजच्याही वैद्यकाचा पहिला नियम आहे. बेळगाव तेव्हा आदिलशाहीतच होते. म्हणजे या भागातल्या तोंडांची आणि तंबाखूची ओळख दिल्ली-आग्र्याच्या आधीची आहे.

निपाणी पट्ट्यात पिकते ती प्रामुख्याने विडीची तंबाखू. वेदगंगा-दूधगंगेच्या आसपासच्या काळ्या जमिनीत, कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हींकडे पसरलेला हा पट्टा आहे; सीमारेषेने राज्ये वाटली, जमिनीचा पोत वाटला नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावण होते आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि दवावर पीक पोसते. विडीच्या तंबाखूची शेती म्हणजे झाडाला फुलू न देण्याची शेती. कळी दिसू लागली की शेंडा खुडतात. मग पानांच्या बगलेतून फुटवे येतात; तेही पुन्हा पुन्हा काढावे लागतात, आणि हे काम बोटांना काळा चिकट थर बसेपर्यंत चालते. हे सगळे कशासाठी? निकोटीन तयार होते मुळांत आणि तिथून पानांत चढते. फूल आणि फुटवे काढले की ते मोजक्या पानांत साठते, पान जाड होते, त्यावर पिवळसर तांबूस ठिपके उमटतात. ठिपके नीट भरले की पीक कापायला आले. शेतकरी म्हणतो पान पक्व झाले, कडक झाले. हा कडकपणा पानाला हवा असतो असे नाही, तो घशाला हवा असतो. एका विडीत जेमतेम पाव ग्रॅमच्या आत तंबाखू मावते. सिगारेटीत त्याच्या तिप्पट-चौपट. इतक्या थोड्या ऐवजातून ओढणाऱ्याचे समाधान करायचे तर पान सौम्य असून चालत नाही. एका उभ्या पिकाचे वय, त्याची खुडणी आणि कापणीचा दिवस घशातल्या ठसक्यावरून ठरत आले आहेत. हा ठसका म्हणजे वास नव्हे. नाकातोंडाच्या अस्तरात पसरलेली त्रिशाखी चेता जळजळ, झोंबणे आणि तिखटपणा टिपते, मिरचीचा खाट उठतो तेव्हा जी डोळ्यांत पाणी आणते तीच. वास घेण्याचे केंद्र नाकाच्या छताशी, टिचभर जागेत असते आणि ते वेगळे. पान चुरगळून नाकाशी नेणारा व्यापारी एका श्वासात दोन्हींची साक्ष काढतो: वासावरून पान नीट वाळले आहे का, आणि झोंबण्यावरून ते किती कडक आहे.

शेतातून माल वखारीत आला की खरी विभागणी सुरू होते. वाळलेले पान कुटतात, काडी वेगळी करतात, आणि मग चाळण्या. मोठी, सारखी पापडी जळायला चांगली, ती विडीला. काडी स्वस्तात जाते. खाली पडते ती बारीक भुकणी, आणि तीही वाया जात नाही. बारीक चुरा घराघरांत तव्यावर काळा होईपर्यंत भाजला की मशेरी होते. ती बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर घासतात. त्याहून बारीक, वस्त्रगाळ झाली की तपकीर. चाळणीचे भोक बदलले की मालाचे ठिकाण बदलते: पापडी घशाकडे, चुरा हिरडीकडे, पूड नाकाकडे. शरीरशास्त्राच्या पुस्तकात नाकातोंडाची जी विभागणी आकृतीने दाखवतात ती निपाणीत तारेच्या जाळीने केली जात होती, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

तपकिरीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात नाकाची सगळी घडण दिसते. नाकपुडीच्या तोंडाशी केस असतात, आत मधला पडदा, आणि बाजूच्या भिंतींवर तीन वळलेली शंखाकृती हाडे एकाखाली एक. या वळणांमुळे आत येणारी हवा सरळ जाऊ शकत नाही. ती भिंतींना घासत जाते, कोमट आणि ओलसर होते, आणि तिच्यातले मोठे कण अस्तरावरच्या चिकट थराला चिकटतात. त्या थराखाली असंख्य सूक्ष्म रोमक सतत हलत असतात आणि मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने अडकलेला कचरा मागे घशाकडे ढकलतात. तपकिरीची चिमूट ओढणारा माणूस या व्यवस्थेच्या पुढच्या दारातच पूड टाकतो. कण मोठे असल्यामुळे ते फुप्फुसापर्यंत पोचत नाहीत. पडद्यावर आणि खालच्या शंखावर बसतात, झोंबतात, शिंक आणतात, आणि अस्तरातून निकोटीन सोडतात. पूड फार बारीक झाली तर ती खोल जाऊन ठसका लावते, जाड राहिली तर नाकात बसत नाही. तपकीर करणाऱ्याचे सगळे कसब या दोन टोकांच्या मधली जाडी साधण्यात होते.

मात्र त्याच भुकणीचा दुसरा प्रवासही होता, आणि त्याची किंमत कुणी मोजून दिली नाही. वखारीत कुटणाऱ्या आणि चाळणाऱ्या बहुतेक बाया होत्या. नाकातोंडाला पदर बांधून त्या दिवसभर त्या धुळीत बसत. तपकीर ओढणारा चिमूट घेतो, पुरे झाले की डबी बंद करतो. वखारीतल्या बाईला डबी बंद करता येत नव्हती. तिच्या नाकात जाणाऱ्या धुळीत जाड कण होते तसे इतके बारीकही होते की शंखांच्या वळणांतून निसटून ते खाली श्वासनलिकेत उतरत. निकोटीन तर त्वचेतूनही शिरते. ओल्या पानात काम करणाऱ्यांना मळमळ आणि चक्कर येते ती त्यामुळेच. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया संघटित झाल्या, आणि युगांतर या चित्रपट गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर त्यांच्याच सहभागाने एक माहितीपट केला. त्यात या बाया मजुरीबद्दल, मुकादमाच्या वागणुकीबद्दल आणि कामाच्या जागेबद्दल स्वतः बोलतात. निपाणीच्या इतिहासाचे साधन म्हणून मी त्या चित्रफितीला कोणत्याही बखरीइतके महत्त्व देतो.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत भक्कम कागदी पुरावा मात्र वैद्यकातून मिळत नाही, करखात्यातून मिळतो. युद्धाच्या खर्चासाठी 1943 मध्ये तंबाखूवर केंद्रीय उत्पादन शुल्क बसले आणि पुढच्या वर्षी ते सर्वसाधारण उत्पादन शुल्क कायद्यात आले. शेतकऱ्याने पिकाची नोंद करायची, माल परवान्याच्या वखारीत ठेवायचा, आणि बाहेर काढताना शुल्क भरायचे. पण शुल्क सरसकट नव्हते. तंबाखू सिगारेटीची की विडीची, आणि उरलेली असेल तर काडी आहे, धूळ आहे, विशिष्ट चाळणीतून पडणारे कण आहेत की अख्ख्या पानाच्या जुड्या, यावर दर ठरत असे. म्हणजे वखारीच्या चाळणीला कायद्याने मान्यता दिली. ओढायची, चघळायची आणि हुंगायची तंबाखू वेगळी, तिची कुवत वेगळी आणि म्हणून तिचे कराचे ओझेही वेगळे, हे दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याला मान्य होते. कच्च्या तंबाखूवरचे हे शुल्क 1979 मध्ये उठले. साडेतीन दशकांहून थोडा अधिक काळ सरकारने नाक, गाल आणि घसा यांचा वेगवेगळा हिशेब ठेवला. तो हिशेब महसुलाचा होता.

त्या काळी दुष्परिणाम कुणाला माहीत नव्हते, असे यावर म्हटले जाईल. हे म्हणणे तारखांपुढे टिकत नाही. मद्रासमध्ये निब्लॉक या शल्यवैद्याने 1902 मध्येच गालाच्या कर्करोगाचा संबंध पान-तंबाखू चघळण्याशी जोडला होता. मुंबईत 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी लोकांच्या सवयी आणि कर्करोगाची नेमकी जागा यांचा मेळ घालायला सुरुवात केली. 1945 मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी सवयींतून उद्भवणाऱ्या भारतीय कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. खानोलकरांची दृष्टी या विषयात मला फार मोलाची वाटते. रोग तोंडात आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. तोंडात कुठे, हा प्रश्न त्यांनी विचारला. ऐवज ज्या बाजूला धरला जातो त्या बाजूला गाठ. पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आंध्रच्या किनाऱ्यावर आणि गोव्यातल्या काही बायकांत होती, तिथे टाळूवर. मग 1955 मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी ओढणे आणि चघळणे यांचे परिणाम वेगवेगळे करून दाखवले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतवैद्यक विभागाने फली मेहतांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यात 1,01,761 खेडूतांची तोंडे घरोघर जाऊन तपासली. तो अहवाल 1972 चा. निपाणीच्या हाताशी बेळगावात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय होते आणि 1985 पासून दंतवैद्यक महाविद्यालयही. ज्ञान होते, ते पन्नास मैलांच्या आत होते. पेठेपर्यंत ते गेले नाही, कारण पेठेला त्याचा भाव नव्हता.

दुसरी हरकत तांत्रिक आहे: निपाणीची तंबाखू बहुतांशी विडीत जाते, विडी फुप्फुसाचा प्रश्न आहे, मग गालफडाची एवढी चर्चा का? याचे उत्तर विडीच्या घडणीत आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा जेमतेम झिरपते. विडी लवकर विझते म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते. प्रत्येक झुरका आधी ओठ, जीभ, टाळू आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून जातो, त्यामुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग विडी ओढणाऱ्यांतही ठळकपणे आढळतात. शिवाय वखारीतून विडीला निवडून उरलेला माल कुठे गेला हे वर सांगितलेच आहे. विडीची पेठ जितकी मोठी, तितका तिचा चुराही मोठा, आणि तो चुरा स्वस्त असल्यामुळे सगळ्यांत गरीब हिरड्यांवर गेला.

आता सर्वांत अवघड हरकत. निपाणीचे शेतकरी 14 मार्च 1981 पासून पुणे-बंगळूर महामार्गावर बसले, शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या मागे उभे राहिले, आणि 6 एप्रिलला झालेल्या पोलिस गोळीबारात बारा जणांनी प्राण दिले. ज्यांनी घामाच्या दामासाठी गोळ्या झेलल्या त्यांच्या पिकाला विष म्हणणे हा त्यांचा अपमान नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्याची कळकळ मला पटते आणि त्याला वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही. त्या आंदोलनाची मागणी पूर्णपणे न्याय्य होती. एका हंगामाचे सगळे श्रम वखारवाल्याच्या तोंडी शब्दावर सोडून घरी परतणाऱ्या माणसाला भाव मागण्याचा हक्क होता, आणि पीक कोणते यावर तो हक्क कमी-जास्त होत नाही. काळ्या, कोरडवाहू जमिनीत रोख पैसा देणारे दुसरे पीक त्याच्यापुढे कुणी ठेवलेही नव्हते. पण शेंडे खुडणारे हात, वखारीत चाळणारे नाक आणि सकाळी मशेरी लावणारी हिरडी ही तीन वेगवेगळ्या वर्गांची नव्हती. बऱ्याचदा एकाच घरातली होती. भावाचा अन्याय आणि अस्तरावरचा अन्याय त्या घराने एकत्र सोसला. पहिल्याला नेता मिळाला, महामार्ग मिळाला, हुतात्मे मिळाले. दुसरा दवाखान्याच्या बाकावर एकेकट्याने सोसला गेला. दोन्ही सांगितल्याने हुतात्म्यांचे मोल कमी होत नाही. उलट त्या घरांकडून किती घेतले गेले ते पुरते दिसते.

कायद्याने तोंडाची दखल घेतली ती उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर 1992 मध्ये बंदी आली. गुटख्यावर महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये बंदी घातली, कर्नाटकाने मे 2013 च्या अखेरीस. मधले दहा महिने निपाणीच्या भागात याचा अर्थ अगदी सरळ होता: देवचंद महाविद्यालय ज्या अर्जुननगरात आहे ते कोल्हापूर जिल्ह्यात, आणि त्याला लागून असलेली निपाणी बेळगाव जिल्ह्यात, तीच पुडी रस्त्याच्या एका अंगाला गुन्हा होती आणि दुसऱ्या अंगाला किराणा. पुढे गुटख्याची बंदी दोन्ही राज्यांत आली, पण ती होती तयार मालावर. सुट्या चुऱ्यावर नाही, तव्यावर भाजलेल्या घरच्या मशेरीवर नाही, चुन्याच्या डबीवर तर नाहीच. कंपन्यांनी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा जोड पुड्या काढल्या. आता मिश्रण कारखान्याऐवजी गिऱ्हाईकाच्या तळहातावर होते, आणि खालच्या दाढांशेजारच्या त्याच घळीत जाऊन बसते.